लंडनने अटी घातल्या, मुंबईने रांग लावली



गेल्या महिन्यात बंगळुरूहून एका मुलाचा फोन आला. माझ्याबरोबर नोकरी केलेल्या एका सुभेदारसाहेबांचा हा मुलगा. इंजिनियर आहे, दोन मित्रांना घेऊन कंपनी काढली आहे. म्हणाला, "काका, गुरुवारी गुंतवणूकदारांसमोर पिच आहे. एकदा ऐकून घ्याल का? तुम्ही आयुष्यभर ब्रीफिंग दिलीत." म्हटलं, ऐकव. त्याने स्क्रीनवर बेचाळीस स्लाइड लावल्या. बाजार किती मोठा, जग कुठे चाललंय, आम्ही काय काय बदलणार. पोरगा बोलतो छान. वीस मिनिटांनी मी विचारलं, "तुझा माल पहिल्यांदा कोण घेणार आहे?" तो म्हणाला, "काका, ते अडतिसाव्या स्लाइडवर येतं."

मला हसू आलं, पण हसायचा हक्क मला नाही. मी कॅप्टन असताना हेच केलं होतं. पूर्वेकडच्या डोंगरात आमची एक चौकी होती, तिला रसद पोचवायला दुसरी वाट काढावी असं माझ्या डोक्यात आलं. नकाशावर ती वाट इतकी सुंदर दिसत होती की मी ब्रिगेड कमांडरसाहेबांसमोर जवळजवळ भाषणच केलं. त्यांनी तिसऱ्याच मिनिटाला थांबवून दोन प्रश्न विचारले. वाटेत पाणी कुठे आहे? आणि जखमी माणूस खाली कसा आणणार? मला दोन्ही सांगता आलं नाही. साहेब रागावले नाहीत. "चालून ये, मग बोलू," एवढंच म्हणाले. नऊ दिवस चालून आलो. पाणी होतं, पण मी नकाशावर ठरवलेल्या जागी नव्हतं. दुसऱ्या ब्रीफिंगला मला सात मिनिटं लागली आणि वाट मंजूर झाली.

आपल्या या मालिकेत आपण इतिहासाबद्दल बोलतो, म्हणून त्या मुलाला जी गोष्ट सांगितली तीच आज तुम्हाला सांगतो. भारतात आजवर झालेल्या भांडवलाच्या मागण्यांमधली ही सगळ्यात मोठ्या हिमतीची मागणी, असं माझं मत आहे. टाटांच्या पोलाद कारखान्याची. जमशेदजींचं स्वप्न, जमशेदपूरचं शहर वगैरे तुम्ही शाळेत वाचलं असेल. पैसे कसे मागितले, कोणाकडे मागितले आणि कोणी नाकारले, ते फारसं सांगितलं जात नाही.

सुरुवात आपल्या विदर्भातूनच आहे. जमशेदजी टाटा नवसारीचे, जन्म १८३९ चा. मुंबईत कापसाचा व्यापार केला, गिरणी चालवली आणि मग सगळे मुंबईत गिरण्या काढत असताना हा माणूस नागपूरला गेला. कापूस तिथे, कोळसा जवळ, रेल्वे आलेली. १८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीसाठी घेतलेली जागा दलदलीची होती, ती भरून काढावी लागत होती. नागपुरातल्या एका सावकाराकडे पैसे मागितले तर त्याने नकार दिला. जमिनीत सोनं पुरणाऱ्या माणसाला मी पैसे देणार नाही, असा त्याचा रोख होता. पुढे गिरणी जोरात चालली तेव्हा त्याच सावकाराने कबूल केलं म्हणतात, की या माणसाने पुरली ती माती आणि काढलं ते सोनं. मला यातला सावकार मूर्ख वाटत नाही. त्याच्या डोळ्यांना चिखल दिसत होता. समोरच्याला चिखलच दिसत असेल तर त्याला गिरणी दिसेल अशी व्यवस्था करणं हे मागणाऱ्याचं काम.

पोलादाचा विचार १८८२ मध्ये आला. रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाबद्दलचा अहवाल जमशेदजींच्या वाचनात आला. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. तिथल्या लोहाऱ्याला उत्तम खनिज होतं, आणि वरोऱ्याला कोळसा. जमशेदजींनी नमुने जर्मनीत तपासून घेतले. कोळसा नापास झाला. शिवाय त्या वेळचे खाणींचे सरकारी नियम असे जाचक होते की कोणी शहाणा माणूस त्यात पैसा घालणार नाही. जमशेदजींनी कागद बाजूला ठेवले, पण फेकले नाहीत. सतरा वर्षं ते पडून राहिले.

१८९९ मध्ये दोन गोष्टी झाल्या. कर्झन व्हाइसरॉय होऊन आला आणि खाणींचे नियम सैल झाले. आणि मेजर महॉन या लष्करी अधिकाऱ्याचा अहवाल आला, की हिंदुस्थानात लोखंड-पोलादाचा कारखाना काढण्याची वेळ आली आहे. हा मेजर कलकत्त्याजवळच्या काशीपूरच्या तोफखान्याच्या कारखान्यावर होता. (आमच्या फौजेतल्या माणसाचं नाव इतिहासात लढाईखेरीज इतर कारणाने आलं की मला जरा जास्तच आनंद होतो, ते समजून घ्या.) जमशेदजी तेव्हा साठीला आले होते, म्हणजे जवळपास माझ्या वयाचे. माझ्या वयाची माणसं सकाळी फिरायला जातात. हे गृहस्थ १९०० मध्ये लंडनला जाऊन भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टनला भेटले आणि १९०२ मध्ये अमेरिकेला गेले.

अमेरिकेत त्यांनी काय केलं ते नीट बघा. ते भांडवलदारांकडे गेले नाहीत, इंजिनियरांकडे गेले. पिट्सबर्गला ज्युलियन केनेडीने त्यांना स्पष्ट सांगितलं, की कारखान्याचं नंतर बघू, आधी जमिनीखाली काय आहे याची शास्त्रीय तपासणी करावी लागेल, तिलाच प्रचंड खर्च येईल, आणि इतकं करून हाती काही लागेलच असं नाही. जमशेदजी खर्चाला तयार झाले. केनेडीने न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिनचं नाव सुचवलं. परदेशी पेहरावातला एक वयस्कर माणूस न कळवता पेरिनच्या कचेरीत शिरला आणि म्हणाला की तुम्ही माझ्या देशात या, लोखंड शोधा, कोळसा शोधा, चुनखडी शोधा, सगळा खर्च माझा. पेरिन पुढे सांगत असे की मी थक्क झालो, पण त्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणता आलं नाही.

पेरिनने आपला भागीदार सी. एम. वेल्ड याला पाठवलं. तो १९०४ च्या एप्रिलमध्ये हिंदुस्थानात पोचला आणि मे महिन्याच्या १९ तारखेला जमशेदजी जर्मनीत बाद नाउहाइमला वारले. स्वप्न ज्याचं तोच गेला. आजच्या भाषेत, फाउंडर गेला आणि कंपनीकडे ना जमीन, ना खाण, ना पैसा.

थोरले चिरंजीव दोराबजी, नातलग शापुरजी सकलातवाला आणि वेल्ड चांदा जिल्ह्यात जंगलं तुडवत राहिले. उन्हाळा, पाण्याचे हाल, बैलगाड्या. निष्कर्ष असा निघाला की खनिज चांगलं आहे पण विखुरलेलं, मोठ्या कारखान्याला पुरणारं नाही. वेल्डचा अहवाल प्रतिकूल होता. आम्ही प्रयत्न सोडतो आहोत हे सांगायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. भेटायचे ते साहेब जागेवर नव्हते. वाट बघताना दोराबजी समोरच्या संग्रहालयात सहज शिरले आणि तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भशास्त्रीय नकाशा होता. दुर्ग जिल्ह्यात गडद रंगाचा एक पट्टा, म्हणजे लोखंड. हा भाग प्रमथनाथ बोस या बंगाली भूगर्भशास्त्रज्ञाने आधीच पाहून ठेवला होता. दोराबजी आणि वेल्ड तिथे गेले. धल्ली-राजहराचे डोंगर. पाय आपटला तर धातूसारखा आवाज यावा असा दगड, आणि लोखंडाचं प्रमाण ६७ टक्क्यांच्या आसपास. तिथे पुरेसं पाणी आणि जवळ योग्य कोळसा नसल्याने कारखाना झाला नाही, पण पन्नास वर्षांनी भिलाईचा कारखाना याच डोंगरांवर उभा राहिला. भिलाई-दुर्गची मराठी मंडळी हे ऐकत असतील तर त्यांना ठाऊक असेलच.

दरम्यान याच बोसांचं एक पत्र टाटांकडे येऊन पडलं होतं. तारीख २४ फेब्रुवारी १९०४. बोस तेव्हा मयूरभंज संस्थानच्या नोकरीत होते आणि त्यांनी कळवलं होतं की आमच्या संस्थानात गोरुमहिसानीला लोखंडाचा डोंगर आहे, येऊन बघा. बंगालकडचा झरियाचा कोळसा तिथून आवाक्यात. पेरिन आणि वेल्डने जाऊन पाहिलं आणि शोध संपला.

आता पैशांचा प्रश्न आला, आणि इथेच मला त्या बंगळुरूच्या मुलाला थांबवून सांगावंसं वाटलं. भांडवल मागायच्या आधी टाटांनी गिऱ्हाईक पक्कं केलं. त्या काळी पोलादाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक रेल्वे, आणि रेल्वे सरकारच्या हातात. सरकारने लेखी कबूल केलं की दहा वर्षं, दर वर्षी २०,००० टन रूळ आम्ही घेऊ. अट दोन गोष्टींची. दर आयात मालाइतका असावा आणि रूळ ब्रिटिश दर्जाच्या कसोटीला उतरावेत. तिथल्याच वरिष्ठांपैकी सर फ्रेडरिक अपकॉट यांनी पेरिनला चेष्टेने सांगितलं होतं, की टाटा ब्रिटिश दर्जाचे रूळ करणार असतील तर ते बनवतील त्यातला पौंडन् पौंड मी खाऊन दाखवीन. चेष्टा करा, पण ऑर्डर लिहून द्या! फौजेत आम्ही असे पुष्कळ वरिष्ठ पाहिले. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नये, कागदावर सही घ्यावी.

म्हणजे १९०६ मध्ये लंडनला जाताना दोराबजी, बर्जोरजी पादशाह आणि पेरिन यांच्या हातात काय होतं? तपासलेली खाण, तपासलेला कोळसा, अमेरिकेतल्या नामवंत इंजिनियरांचे आराखडे, सरकारची दहा वर्षांची मागणी. इतकी तयारी करून आलेला माणूस आज क्वचित दिसतो. तरीही लंडनमध्ये जमलं नाही. बोलणी महिनोन् महिने चालली. एक तर तिथल्या पैशाच्या बाजाराला मंदी होती. आणि जे द्यायला तयार होते त्यांना कारखान्यावर ताबा हवा होता. कारभार कोण बघणार, निर्णय कुठे होणार, यावर गाडी अडत होती.

पैसा मिळत नाही तेव्हा अटी मान्य करायचा मोह किती होतो, हे धंदा न केलेल्या माझ्यासारख्यालाही कळतं. पंचवीस वर्षांचं काम, वडील गेलेले, समोर तयार पैसा आणि फक्त किल्ल्या त्यांच्याकडे द्यायच्या. टाटांनी ते केलं नाही. ते परत आले.

परत आले तेव्हा देशातलं वारं बदललेलं होतं. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची चळवळ पेटली. पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, घरोघर देशी मालाची शपथ चालली होती. टाटांनी ठरवलं की पैसा इथेच मागायचा. पेरिनसारख्यांना हे धाडसाचं वाटलं असेल तर नवल नाही, कारण हिंदुस्थानातला पैसा तोवर सोन्यात, जमिनीत आणि फार तर कापडगिरणीत जात होता. पोलादात गुंतवलेली रक्कम परत यायला किती वर्षं लागतील हे कोणी सांगू शकत नव्हतं.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये माहितीपत्रक निघालं आणि २६ ऑगस्टला कंपनीची नोंदणी झाली. भांडवल २ कोटी ३१ लाख ७५ हजार रुपये. साधा शेअर ७५ रुपयांचा, प्रेफरन्सचा १५०, डिफर्डचा ३०. हे आकडे बघताना लक्षात घ्या, की ७५ रुपये तेव्हा लहान रक्कम नव्हती, पण एखादा वकील, शिक्षक, दुकानदार पै-पै साठवून देऊ शकेल इतकी होती. ज्याला सुरक्षितता हवी त्याला एक प्रकार, ज्याला जोखीम झेपते त्याला दुसरा. लंडनला दहा-पाच बड्या माणसांना पटवायचं होतं. इथे हजारोंना पटवायचं होतं, आणि त्यांच्यातला कोणीही मोठा होऊन कारभारावर बसणार नव्हता.

पुढे काय झालं याचं वर्णन ॲक्सेल साहलिन या परदेशी इंजिनियरने १९१२ मध्ये इंग्लंडमधल्या एका व्याख्यानात केलं. सकाळपासून रात्री उशिरापर्यंत टाटांच्या मुंबईच्या कचेरीभोवती लोकांचा वेढा पडलेला असे, म्हातारे आणि तरुण, श्रीमंत आणि गरीब, पुरुष आणि बायका. तीन आठवड्यांत बांधकामाला लागणारं सगळं भांडवल जमलं, सुमारे ८,००० लोकांकडून, सगळेच्या सगळे हिंदी. १९०७ साली बायका शेअर घ्यायला कचेरीत येतात, हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो.

नंतर चालू खर्चासाठी कर्जरोखे काढावे लागले, ४ लाख पौंडांचे. तेव्हाच्या भावाने साठ लाख रुपये. ते सगळे एकाच माणसाने घेतले, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे. आम्ही मध्य भारतातले मराठी लोक शिंद्यांच्या तलवारीच्या गोष्टी फार सांगतो, पानिपत सांगतो, महादजी सांगतो. हे साठ लाख सांगत नाही. सांगायला पाहिजेत.

आता कोणी म्हणेल, ही सगळी स्वदेशीची लाट होती, लाटेवर कोणीही तरलं असतं. हे मला मान्य नाही, आणि त्याला कारण आहे. त्याच लाटेवर १९०६ मध्ये तुतिकोरिनला व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी जहाज कंपनी काढली. भांडवल दहा लाख, शेअर पंचवीस रुपयांचा, म्हणजे टाटांपेक्षाही सामान्य माणसाच्या खिशाजवळचा. 'गॅलिया' आणि 'लावो' अशी दोन जहाजं आणली आणि तुतिकोरिन-कोलंबो फेऱ्या सुरू केल्या. माणूस देशभक्तीत कोणाला हार जाणारा नव्हता. पण समोरच्या इंग्रज कंपनीने भाडं उतरवत नेलं, शेवटी फुकट नेऊ लागली, वर उतारूला छत्री भेट. १९०८ मध्ये सरकारने चिदंबरम यांना पकडून जन्मठेपेची शिक्षा दिली, आणि १९११ पर्यंत कंपनी मोडीत निघाली. तिथे दोष पिळ्ळैंचा आहे असं म्हणण्याचं पाप मी करणार नाही. साम्राज्याच्या वर्मावर हात घातला की काय होतं ते त्यांना भोगावं लागलं. पण ज्यांनी पंचवीस रुपये दिले त्यांच्या दृष्टीने फरक एवढाच होता: जहाजाचं उत्पन्न रोजच्या उतारूवर, आणि तो उतारू उद्या समोरच्या बोटीत बसू शकत होता. टाटांच्या शेअरमागे रुळांचा दहा वर्षांचा लेखी वायदा होता. भावनेने लोक दोन्हीकडे रांगेत उभे राहिले, पण पैसा एकीकडेच टिकला.

आणि टाटांचंही सगळं ठरलेलं होतं असं समजू नका. पैसे गोळा झाले तेव्हा कारखान्याची नेमकी जागासुद्धा पक्की नव्हती. १९०७ च्या अखेरीस सुवर्णरेखा आणि खरकई या नद्यांच्या संगमाजवळ साकची नावाचं खेडं सापडलं, पाण्याचा प्रश्न सुटला, जवळ कालीमाटी स्टेशन होतं. मग जंगलतोड सुरू झाली. २ डिसेंबर १९११ रोजी पहिलं कच्चं लोखंड बाहेर पडलं, १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पहिलं पोलाद. पहिलं महायुद्ध लागलं तेव्हा इथलेच रूळ मेसोपोटेमियाला आणि पूर्व आफ्रिकेला गेले. २ जानेवारी १९१९ रोजी व्हाइसरॉय चेम्सफर्ड स्वतः आला आणि साकचीचं नाव जमशेदपूर झालं. दुसऱ्या महायुद्धात इथल्या चिलखती पत्र्याच्या गाड्या फौजेत होत्या, त्यांना जवान 'टाटानगर' म्हणत. अपकॉटसाहेबांबद्दल दोराबजी पुढे हसत म्हणत, की साहेबांनी शब्द पाळला असता तर त्यांना थोडं अपचन झालं असतं.

त्या मुलाला हे सगळं सांगून झाल्यावर तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, पण त्यांच्याकडे टाटा हे नाव होतं. माझ्याकडे कोणतं नाव आहे?" प्रश्न रास्त आहे. मी त्याला म्हटलं, नागपूरच्या सावकारासमोर जमशेदजींकडेही टाटा हे नाव होतं, आणि ते तिथे चाललं नाही. ते नाव एम्प्रेस मिलने पंचवीस-तीस वर्षं नफा वाटून कमावलं, आणि १९०७ मध्ये ते शेअरच्या कागदावर आलं. तुला पंचवीस वर्षं थांबायला कोणी सांगत नाही. पण तू म्हणतोस ते यंत्र ज्या तीन कारखानदारांना हवं आहे, त्यांच्यातल्या एकाकडून तरी कागद आण, अगदी पन्नास नगांचा. आणि तो पहिल्या स्लाइडवर लाव. ताबा मागितला तर किती द्यायचा ते आत जायच्या आधी तिघांनी बसून लिहून ठेवा, तिथे बसून ठरवू नका.

गुरुवारचं पिच त्याने पुढे ढकललं. गुंतवणूकदाराने त्याबद्दल नाराजी दाखवली, असं त्याने कळवलं. सध्या तो होसूरला कारखान्यांच्या फेऱ्या मारतो आहे. दोन ठिकाणी गेटवरूनच परत पाठवलंय.

टाटांच्या गोष्टीतलं सर्वांत वाईट वर्ष अजून सांगायचं राहिलंय. महायुद्ध संपल्यावर परदेशी पोलाद स्वस्तात येऊ लागलं आणि १९२४ मध्ये कामगारांचे पगार द्यायला पैसे उरले नाहीत. दोराबजींनी आपली स्वतःची सारी मालमत्ता आणि पत्नी मेहेरबाईंचे दागिने इम्पीरियल बँकेकडे गहाण टाकले. त्या आठ हजार जणांचं पुढे काय झालं, संरक्षक जकात कशी मिळाली आणि त्यासाठी कोणाला पटवावं लागलं, ते पुढच्या भागात बोलू.

जय हिंद.